डाव्या बुटावरचा तडा

गणपती गेले की महाडात पाऊस थांबत नाही, पण त्याचा जोर जातो. मधूनच कडक ऊन पडतं, भिंतींत मुरलेलं पाणी घामासारखं बाहेर येतं आणि घरातल्या प्रत्येक बंद वस्तूला जड, आंबूस वास सुटतो. त्या आठवड्यात कधीतरी मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बूट काढते. जूनमध्ये पुसून, आत कागद कोंबून ठेवलेले काळे चामडी बूट. दरवर्षी त्यांच्यावर बुरशी धरलेली असते. वर पिठासारखी पांढरी, शिवणीत हिरवट. मी शाळेत मुलांना खेळ आणि कवायत शिकवते, त्यामुळे बूट लागतातच. शेजारीण दरवर्षी सांगते की रबरी घ्या, धुतले की झाले. मी हो म्हणते आणि ब्रश शोधायला लागते.

बुरशीचा तो वास नाकात गेला की मला अठरावं वर्ष आठवतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्याला. नऊ घरं, आणि माणसांपेक्षा जनावरं जास्त. उतारावर नाचणी, वरी. खालच्या खाचरांत थोडं भात. बारावी झाल्यावर मला महाडच्या कॉलेजात घातलं आणि राहायला धाकट्या काकांकडे ठेवलं. काका एका कचेरीत कारकून होते. दोन खोल्या, समोर पडवी. त्यांनी मला ठेवून घेतलं, दोन वेळचं जेवू घातलं, हे मी आजही विसरलेले नाही. पुढचं सगळं सांगताना तेही सांगायला हवं.

कॉलेजात परेडची तुकडी होती. तिचे सर लष्करातून निवृत्त झालेले, ताठ मानेचे, कमी बोलणारे. मुलींना तुकडीत घ्यायला लागून दोनच वर्षं झाली होती. मुलगे काळ्या चामडी बुटांत पुढे, आम्ही सात मुली पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत सगळ्यात मागे. आषाढातल्या एका दुपारी, व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे येत असताना, सरांनी हे सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगितलं. मुलींना कॅनव्हासच मिळेल, चामडं सांभाळणं मुलींना जमत नाही आणि पहिल्या रांगेत काळ्या बुटांशिवाय कुणी उभं राहणार नाही.

मी विचारलं, "सांभाळलं तर, सर?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला स्वतःलाही माझा आवाज अनोळखी वाटला. सर सामानाच्या खोलीत गेले आणि एक जोड घेऊन आले. मुलांपैकी कुणाच्याच पायाला येत नव्हता म्हणून वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेला, पाच नंबरचा. वाळलेल्या आमसुलासारखा आकसलेला आणि तेवढाच काळपट. त्यांनी तो माझ्या पायांशी ठेवला.

"सव्वीस जानेवारीला यात मला माझा चेहरा दिसला तर पहिल्या रांगेत उभी राहा. नाही दिसला तर परत आणून ठेवायचा आणि पुन्हा विचारायचं नाही."

मुलगे हसले. त्या हसण्यात वाईट असं फारसं नव्हतं, पण मला ते पुरलं.

जनावरांच्या घरात वाढलेली मी. चामड्याला कोण घाबरतं? म्हशीचं अंग रोज खरारलेलं, बैलाच्या गळ्यातला पट्टा रोज हाताळलेला. मला वाटलं, बूट म्हणजे असून असून काय असणार. आमच्याकडे कोरडं पडलेलं काहीही असलं की तेल लावतात. केसांना, दाराच्या बिजागरीला, म्हशीच्या शिंगांना. म्हणून मी बुटांना खोबरेल चोळलं. चांगलं ओंजळभर. दोन दिवस ते मऊ आणि काळेभोर दिसले, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर धूळ, केस, तांदळाचा कोंडा असं घरातलं सगळं येऊन बसलं. मग पॉलिशची डबी आणली. ती मी शेणानं अंगण सारवावं तशी लावली, तळव्यानं, जाडजूड. तेलावर ते थारेना. चिकट राप झाला, माझ्या नखांत काळं गेलं ते आठवडाभर निघालं नाही आणि काकूच्या पांढऱ्या पातेल्यावर माझी पाचही बोटं उमटली. राखेनं घासून टाकलं तिनं.

बूट मी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवायची. श्रावणात त्या कागदावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. कागद उघडला तर आतले बूट म्हाताऱ्यासारखे पिकलेले. मी ओल्या फडक्यानं पुसले. चार दिवसांत बुरशी दुप्पट आली. ओल्याला ओलं लावू नये हे कुणी सांगायला नव्हतं, आणि विचारणार कुणाला? मुलांना विचारलं तर पुन्हा हसणार. सरांना विचारायचं म्हणजे हरल्यासारखं.

गौरीला आईनं बोलावलं म्हणून मी वाडीवर गेले. डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता, नाचणी गुडघ्याच्या वर आली होती. मी पाच दिवस तेरड्याची फुलं तोडली, म्हशींमागे फिरले आणि बूट विसरले. परत महाडला आले तर खाटेखाली काही नाही. काका पडवीत वाचत बसले होते. मी विचारलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न करताच सांगितलं की घरात गणपती बसलेला असताना खाटेखाली चामडं सापडलं, मागे टाकून दिलंय.

मागे म्हणजे मोरीच्या पाण्याचं गटार होतं. बूट त्यात पडले होते, एक उताणा, एक पालथा. चार दिवस. मी हात घालून बाहेर काढले तेव्हा प्रत्येकातून तांब्याभर पाणी सांडलं. रडले नाही असं म्हणणार नाही. रडले, पण बूट खाली ठेवले नाहीत.

आणि मग सगळ्यात मोठी चूक केली. न्हाणीतल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, तिच्या बाजूला मी ते वाळायला लावले. सकाळी बघते तर दोन्ही बूट लाकडासारखे कडक आणि डाव्याच्या पुढच्या भागावर, करंगळीच्या बाजूनं मधोमधपर्यंत, बोटाएवढा लांब तडा. काकांनी टाकून दिले होते, पण तडा माझ्या हातानं गेला होता. त्या सकाळी मला कुणाचा जास्त राग आला होता हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी काशीबाबा बसायचे. साठीच्या पुढचे, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. डोक्यावर ताडपत्री, समोर जोडा अडकवायचा लोखंडी पाय, आरी, रापी, दोरा. त्यांना सगळा बाजार नुसतं काशी म्हणायचा, पोरंसोरंसुद्धा. लोक त्यांच्यापुढे पाय करायचे आणि दुसरीकडे बघत राहायचे. चप्पल शिवून झाली की नाणं वरून त्यांच्या पोत्यावर टाकायचे. हे मी कॉलेजात जाता-येता रोज बघत होते आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी डावा बूट हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला.

"चुलीपाशी ठेवलास?"

मी मान हलवली.

"माणूस भाजला तर कातडं परत येतं, पोरी. ह्याला परत येत नाय. ह्याला फकस्त जपायचं."

ठेवून जा, उद्या करून ठेवतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला करून नको, शिकवा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कुठली, कुणाकडे राहतेस, सगळं विचारून घेतलं. मग बूट परत माझ्या हातात दिले आणि घरी नेऊन काय ते कर म्हणाले. घरात चालत नाही, मी सांगितलं. तेव्हा ते बराच वेळ एका चपलेचा अंगठा शिवत राहिले. शेवटी दोरा दातांनी तोडून म्हणाले, "इथं बसलीस तर तुला चार दिस बोलतील. मला जलमभर इथं बसायचं हाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं की धाडस करते आहे ती मी. ज्याच्या पोत्यावर बसणार त्याला त्याची किंमत मोजावी लागेल, हे अठरा वर्षांच्या मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली मान घालून म्हटलं, बरं, मग बसत नाही, उभी राहून बघते. आणि खरोखर दोन दिवस कॉलेज सुटल्यावर अर्धा-अर्धा तास छत्री घेऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी एक रिकामं पोतं अंथरलं आणि कामाला लागले.

त्यांनी आधी मला माझं सगळं केलेलं काढायला लावलं. तेल आणि पॉलिशचा तो राप, थोडा-थोडा, फडक्यानं, आठ दिवस. बूट ओला असेल तर आत कागद कोंबायचा, ओला झाला की बदलायचा, आणि वाऱ्याला ठेवायचा. ऊन नको, विस्तव तर नकोच. नाड्या आधी काढून ठेवायच्या. मी हे विसरायची आणि मग नाड्यांना काळं लागायचं. चिखल वाळू द्यायचा आणि मगच झाडायचा. शिवणीतली बुरशी दात घासायच्या जुन्या ब्रशानं, कोरडीच काढायची. पॉलिश घ्यायचं ते दोन बोटांना गुंडाळलेल्या फडक्याच्या टोकावर, मुगाच्या डाळीएवढं. मला ते इतकं कमी वाटायचं की मी चोरून आणखी घ्यायची. ते न बघता म्हणायचे, "पुसून टाक." गोल-गोल, छोटे वेढे. मग बूट बाजूला ठेवून द्यायचा आणि गप्प बसायचं, पॉलिश आत जाईपर्यंत. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. मग ब्रश, लांब हातानं, दाबायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी मऊ फडकं आणि पाण्याचा एक थेंब.

पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. बूट काळे होते, स्वच्छ होते, पण मुके. मग भाद्रपद सरता सरता, एका संध्याकाळी, पाऊस उघडलेला आणि रस्त्यावर तिरपं ऊन, उजव्या बुटाच्या टोकाला मला माझ्या बोटाची सावली दिसली. सावली हलवली, तर आत हलली. मी बूट बाबांपुढे धरला. त्यांनी बघितला, एक भुवई वर केली आणि म्हणाले, "आता डावा." डावा कधीच उजव्याएवढा झाला नाही. तड्यात पॉलिश भरून तो लपवता येतो का, मी विचारलं. येतो, ते म्हणाले, पण पाय वाकला की फुटतो आणि जास्त दिसतो. त्यापेक्षा त्याच्या काठाला रोज थोडं लावत जा, पुढं सरकणार नाही. मी तेच केलं.

काकांना कळायला महिना लागला. कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी ते ओरडले नाहीत. जेवताना, ताटाकडे बघत, हळू आवाजात विचारलं की बाजाराच्या रस्त्यावर पोत्यावर बसून मी जोडे घासते हे खरं का. मी हो म्हटलं. कुणाशेजारी बसतेस हे ठाऊक आहे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काशीबाबांशेजारी. 'बाबा' हा शब्द ऐकून त्यांचा घास थांबला. उद्यापासून नाही, एवढंच बोलले ते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर पोतं अंथरलेलं नव्हतं. काका सकाळी तिथे जाऊन आले होते. आमच्या मुलीला शेजारी बसवलंस तर ही जागा राहणार नाही, असं सांगून आले होते. कारकून माणूस, त्यांच्या हातात खरं किती होतं कोण जाणे, पण काशीबाबांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, मी नाही येत आता. ते ताडपत्रीची दोरी घट्ट करत होते.

"माजा बाप ह्याच जागेवर बसायचा. मी इथून उठनार नाय. तू ये, नायतर येऊ नको, ते तुजं तू बग."

आणि पाठीमागचं पोतं काढून त्यांनी जमिनीवर टाकलं. मी बसले.

आश्विनात आई बाजाराला खाली आली. लोण्याची बरणी, थोडं तूप, नाचणी असं घेऊन ती दिवाळीआधी यायचीच. काकांनी तिला पडवीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मी आतल्या दाराशी उभी होते. काका म्हणत होते की समाजात राहायचं आहे, उद्या हिचं लग्न करायचं आहे, चामड्यात हात घालणारी मुलगी कोण करून घेणार. आई ऐकत होती. तिला कुणाला मधे तोडायची सवय नव्हती. त्यांचं संपल्यावर तिनं मला बूट आणायला सांगितलं. ते आता पडवीच्या बाहेर, पत्र्याच्या डब्यात असायचे. तिनं उजवा घेतला, डावा घेतला, दोन्ही हातांनी वाकवून बघितला, तड्यावरून अंगठा फिरवला.

"कातडं जितं ठेवलंय पोरीनं," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "भावजी, म्हशीच्या अंगावर हाय तवर आमी ह्याला रोज हात लावतो. त्येच हातानं दूध काढतो, ते तुमी देवाला दावता. म्हस मेल्यावर कातड्यानं काय पाप केलं?"

काका चिडले. एवढंच असेल तर लेक तुझ्याजवळ ठेव, असं बोलून गेले. बोलल्यावर त्यांनाही ते जास्त झालं असं वाटलं असावं, कारण ते उठून आत गेले नाहीत, तिथेच थांबले. पण आई उठली. मला म्हणाली, "तुजी पिशवी भर गो." काकूनं आतून शिरा करून आणला होता, तो तसाच बशीत राहिला.

त्या दिवसापासून जानेवारीपर्यंत मी वाडीवरून कॉलेजात गेले. पहाटे उठायचं, डोंगर उतरायचा, खाली रस्त्याला येऊन पोलादपूर आणि तिथून गाडीनं महाड. उतरायला दीड तास, चढायला दोन. बूट मी घालत नव्हते. नाड्या एकमेकींना बांधून जोड गळ्यात अडकवायची आणि अनवाणी उतरायची. गवत कापून झालं होतं, त्याचे खुंट पायांना टोचायचे. मार्गशीर्षात दव इतकं पडायचं की गुडघ्यापर्यंत पाय भिजायचे. माझे पाय फुटले, टाचांना भेगा गेल्या, त्यांत आई आमसुलाचं तेल गरम करून भरायची. बुटांवर मात्र ओरखडा नव्हता. वाडीतल्या बायका म्हणायच्या, काय गो, जोडे पायात घालतात का गळ्यात? मी सांगायची, जानेवारीनंतर पायात. माझं मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटतं, वेडेपणा होता, आणि तो मी पुन्हा तसाच करीन.

काशीबाबांकडे जाणं थांबलं नाही. गाडी यायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं मला मिळायची. बोलणारे बोलत राहिले. एकदा आमच्याच वर्गातल्या दोन मुलांनी माझ्यापुढे पाय केले आणि आमचेही करून दे म्हणाले. मी त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि सांगितलं की शिवणीत चिखल आहे, तो वाळवून या, ओल्यावर पॉलिश धरत नाही. त्यांनी पाय मागे घेतले. बाबा तोंडावर फडकं धरून खोकले, पण ते खोकणं नव्हतं.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी मैदानावर धुकं होतं. सावित्रीच्या अंगानं येणारं, थंड, दाट. सर रांगेतून बूट बघत आले. माझ्यासमोर थांबले आणि त्यांची नजर सरळ डाव्या बुटावर गेली.

"हा तडा कसला?"

"चुलीजवळ वाळवला, सर. माझी चूक."

गटाराची गोष्ट मी सांगितली नाही. ती सांगून मला पहिली रांग नको होती. ते म्हणाले की बूट फाटका असेल तर पुढे उभं करणं बरं दिसणार नाही, लोक बघतात. सहा महिने, दीड तासाची उतरण, आईनं भरायला लावलेली पिशवी, सगळं त्या एका वाक्यात संपत होतं. मी हलले नाही. समोर बघत म्हटलं, "बोलणं चेहऱ्याचं झालं होतं, सर. दिसतो का बघा."

मग त्या ताठ माणसानं गुडघ्यांवर हात ठेवले आणि खरंच वाकून बघितलं. उजव्यात बघितलं, मग डाव्यात. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या उजव्या टोकाच्या मुलाला एक जागा सरकायला सांगितलं.

त्या परेडचं मला फारसं आठवत नाही. पाय आपोआप पडत होते. धुकं विरत गेलं, झेंडा वर गेला, टाचांचा आवाज एक झाला. वाडीवरून आई आली होती, ती मैदानाच्या कडेला डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. पुढच्या वर्षी सरांनी मुलींसाठी चामडी बूट मागवले, पण ते माझ्यामुळे मागवले असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. काकांशी आमचं जाणं-येणं तीन वर्षांनी सुरू झालं. माझ्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, बुटांचा विषय मात्र आमच्यात पुन्हा निघाला नाही. काशीबाबा मी नोकरीला लागले त्या वर्षी गेले. ते बसायचे तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

पण त्या सव्वीस जानेवारीला बाबा तिथेच होते. परेड झाली की सगळ्यांचेच बूट संध्याकाळच्या आत सामानाच्या खोलीत परत करायचे होते आणि मैदानाच्या धुळीनं ते पार भरले होते. तसे मी परत देणार नव्हते. आईला बरोबर घेऊन, गणवेशातच, मी बाबांकडे गेले, पोत्यावर बसले, नाड्या काढल्या आणि झाडायला सुरुवात केली. आई शेजारच्या पायरीवर टेकली. बाबांनी तिला हात जोडले, तिनं त्यांना जोडले.

उजवा बूट होत आला होता तेव्हा काका दिसले. कचेरीतली माणसं मैदानावरचं झेंडावंदन करून घरी चालली होती आणि त्यांच्यात ते होते, पांढऱ्या सदऱ्यावर झेंड्याची फीत लावलेले. ते थांबले, त्यांच्याबरोबरची माणसं चार पावलं पुढे जाऊन थांबली. काका माझ्याजवळ आले. मला पहिल्या रांगेत त्यांनी बघितलं असणार. पण आजूबाजूला नजर टाकून हळूच म्हणाले, "ऊठ आता. लोक बघतायत."

मी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती, आणि त्या विनवणीपुढे उठणं रागापुढे उठण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

"बघू दे, काका," मी म्हटलं. "डावा राहिलाय."

ते तिथेच उभे राहिले, उन्हात. मी डावा बूट गुडघ्यावर घेतला, फडकं दोन बोटांना गुंडाळलं आणि तड्याच्या काठापासून सुरुवात केली. घाई केली नाही.